टाकीचा लेख लांबला, कात्रजचा आखडला

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून कोथरूडला राहतो. गेली दोन वर्षे पुण्याच्या पाण्याविषयी मराठीत लिहून ते इंटरनेटवर ठेवतो आणि ओळखीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. कात्रजच्या पेशवेकालीन नळयोजनेवरचा माझा लेख बावीसशे शब्दांचा झाला. तो गटावर टाकल्यावर अर्ध्या मिनिटात तीन अंगठे आणि एक ‘अप्रतिम!’ आले, म्हणजे तो कोणीच वाचला नाही, हे उघड आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, इतकं कोण वाचतं? तीनशे शब्दांत आटपा.” उलट एका संकेतस्थळाच्या संपादकांनी सांगितले की, पंधराशे शब्दांखालचा लेख गूगलच्या शोधात वर येत नाही. म्हणून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या सफाईवरचा लेख मी चौदाशे शब्दांपर्यंत नेला आहे आणि कात्रजचा लेख तीनशेवर आणायला बसलो आहे. दोन्ही सोबत पाठवतो. ऑनलाइन लेखनाची नेमकी लांबी किती असावी, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे दोन्ही लेख मी फोनवरच वाचले, कारण तुमचे वाचकही ते फोनवरच वाचणार आहेत. वाचून झाल्यावरचे माझे मत आधीच सांगून टाकतो. जो लेख कापायला हवा होता तो तुम्ही ताणलात आणि जो सुखाने लांब राहू शकला असता त्याला कात्री लावायला बसलात. यात दोष तुमच्या लेखणीचा नाही. तुम्ही दोन माणसांना विचारलेत, दोघांनी दोन आकडे दिले, आणि दोन्ही आकडे वाचकाचा विचार न करता दिलेले होते.

तुमच्या चिरंजीवांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. संकेतस्थळे लोक कशी वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७९ टक्के लोक समोर आलेले नवे पान नुसते चाळत होते आणि शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्केच होते. पुढे २००८ मध्ये त्यांनीच असा हिशेब मांडला की, सर्वसाधारण भेटीत माणूस पानावरच्या फार तर २८ टक्के शब्द वाचतो आणि बहुधा २० टक्केच. हे आकडे आजही तावातावाने सांगितले जातात. मात्र ही सरासरी आहे, हे सांगणारा विसरतो. पानावर वरवर नजर टाकून परत जाणारा आणि मन लावून शेवटपर्यंत वाचणारा, अशा दोघांना एकत्र करून काढलेली ती सरासरी आहे, आणि तिच्यात बसणारा माणूस प्रत्यक्षात सहसा भेटत नाही. शिवाय त्या पाहण्या मराठी पानांच्या नव्हत्या आणि संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसांच्या होत्या. तुमचा वाचक स्वारगेटला बसची वाट पाहत उभा असेल किंवा दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चीत पडला असेल, आणि या दोघांची सरासरी काढून हाती काहीच लागणार नाही.

संपादकांच्या पंधराशे शब्दांविषयी तर मला अधिक स्पष्ट बोलावे लागेल. लेखकांनी स्वतःला विचारायचे काही प्रश्न गूगलने आपल्या मार्गदर्शक पानांवर दिले आहेत. गूगलला ठरावीक शब्दसंख्या आवडते असे कुठे ऐकून तुम्ही लिहीत आहात काय, असा त्यांतला एक प्रश्न असून तशी काही आवड आपल्याला नाही, असे उत्तरही तिथेच दिलेले आहे. लांब लेख शोधात वर दिसतात, हे पुष्कळदा खरे असते, पण त्याचे कारण वेगळे आहे. एखाद्या विषयाच्या पोटातल्या दहा शंका ज्याने नीट सोडवल्या, त्याचा लेख आपोआप लांबतो आणि त्या दहा शंकांपैकी कोणतीही शोधणाऱ्याला तो सापडतो. शंका एकच असताना तिच्याभोवती पाणी घालून तेवढीच लांबी गाठणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. तुमच्या टाकीच्या लेखाचे नेमके असे झाले आहे, आणि टाकीच्या लेखात पाणी वाढवायला नको होते, एवढा विनोद तुम्ही सहन कराल, अशी आशा आहे.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो, कारण तुम्ही अभियंते आहात आणि तुम्हाला त्यात रस वाटेल. मोबाइलच्या जुन्या लघुसंदेशाची मर्यादा १६० अक्षरांची होती, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा हिशेब असा की, एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट, जागा मिळत असे आणि रोमन लिपीचे एक अक्षर सात बिटांत मावत असल्यामुळे तिथे १६० अक्षरे बसत. देवनागरीच्या एकेका चिन्हाला सोळा बिट लागत असल्यामुळे आपल्या वाट्याला ७० चिन्हे येत, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजली जात. ‘स्त्री’ हे दिसायला एक अक्षर आहे, पण यंत्राच्या लेखी ती सहा चिन्हे होतात. ट्विटरने पुढे याच लघुसंदेशाच्या मापातून वीस अक्षरे नावासाठी बाजूला ठेवून १४० ची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती २८० केली. म्हणजे ‘आजच्या वाचकाला एवढेच झेपते’ असे ज्या मापाकडे बोट दाखवून सांगितले जाते, ते माप मुळात वाचकाच्या संयमाचे नव्हते, तर संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे होते. इन्स्टाग्रामवर चित्राखाली २,२०० चिन्हे लिहिता येतात, म्हणून कोणी तेवढे लिहावेच असे होत नाही.

इंग्रजीतली शब्दसंख्या मराठीला लावण्यात आणखी एक घोटाळा आहे. ‘शनिवारवाड्यापर्यंतच्या’ हा आपला एक शब्द इंग्रजीत न्यायचा तर तीन-चार शब्द खर्ची पडतात, कारण आपली विभक्ती, शब्दयोगी अव्यये आणि त्यांवर चढणारे प्रत्यय शब्दालाच चिकटून येतात. तेव्हा तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो, पण त्यातला एकेक शब्द वाचायला अधिक वेळ घेतो. मी स्वतः शब्द मोजणे केव्हाच सोडले. लेख मोठ्याने वाचून घड्याळ पाहतो आणि मग तोच फोनवर उघडून अंगठ्याने किती वेळा वर सरकवावा लागतो, ते मोजतो. माझ्या वाचण्याच्या गतीने मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द होतात. कात्रजचा लेख मला मोठ्याने वाचायला जवळजवळ वीस मिनिटे लागली आणि त्यांतली पंधरा मिनिटे मी रमलो होतो. उरलेल्या पाच मिनिटांकडे पुढे येतो.

लांबी ठरवताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की वाचक हे कुठे उभा राहून वाचणार आहे आणि वाचून झाल्यावर तो काय करणार आहे. पुणेरी पाट्यांवर आपण सगळे हसतो, पण त्यांची लांबी कधी चुकत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ ही पाटी आखूड आहे, याचे कारण तिचा वाचक दारात उभा आहे आणि त्याचे बोट बेलकडे निघालेले आहे. बोट पोहोचण्याच्या आत मजकूर संपलाच पाहिजे. याच गावात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेला ऐन उन्हाळ्यात लोक येतात आणि तास-दीड तास एका वक्त्याला ऐकतात. अनेकदा तो पाटीवाला आणि हा श्रोता एकच गृहस्थ असतो. दारात त्याला सात शब्द पुरतात आणि खुर्चीत तो दीड तास देतो. म्हणून ‘आजच्या लोकांना वाचायला वेळ नाही’ हे वाक्य मी मनावर घेत नाही. दारातल्या माणसाला वेळ नसतो, एवढेच त्यात खरे आहे.

आता तुमचा टाकीचा लेख घेऊ. त्याचा वाचक निखालस दारात उभा आहे. तो सोसायटीचा सचिव आहे, उद्या सकाळी सफाईवाले येणार आहेत, टँकरचे पाणी मागवायचे की नाही हे त्याला आजच ठरवायचे आहे आणि सभासदांना सूचना द्यायची आहे. अशा माणसाला तुमचा लेख पहिल्याच ओळीत सांगतो : ‘पाणी म्हणजे जीवन, असे आपले पूर्वज सांगून गेले आहेत. आजच्या धकाधकीच्या युगात मात्र आपण या जीवनाकडे डोळसपणे पाहतो का, हा खरा प्रश्न आहे.’ त्यानंतर दोन परिच्छेद पाण्याच्या महत्त्वावर आणि एक १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावर आहे. हा पुराचा परिच्छेद उत्तम उतरला आहे, पण टाकी धुणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. तो काढून जपून ठेवा आणि त्यावर स्वतंत्र लेख लिहा. बाकीच्याला आपल्याकडे नमनाला घडाभर तेल म्हणतात. ते तुम्ही केवळ चौदाशेचा आकडा गाठण्यासाठी जाळले आहे.

पण तेलाचे नुकसान एक वेळ परवडले असते. ज्या वाक्याने मी दचकलो, ते तुमच्या लेखात जवळजवळ अकराशे शब्दांनंतर येते. ते असे आहे : ‘जमिनीखालच्या टाकीत एकट्या माणसाने उतरणे धोक्याचे असते, याकडेही लक्ष द्यावे.’ बंद टाकीत हवा कोंडलेली असते आणि आत उतरलेला माणूस गुदमरू शकतो. हे तुम्ही नोकरीभर पाहिले आहे, म्हणूनच ते तुमच्या लेखात आले. पण सचिव तिथपर्यंत पोहोचणारच नाही. इतर ठिकाणी लांबलेल्या लेखामुळे वाचक कंटाळतो. इथे लांबीमुळे एखाद्याच्या जिवाशी गाठ पडू शकते, आणि म्हणून या एका वाक्यापायी मी तुमच्याशी कडक बोलतो आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पूर्वी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक असताना पाणीकपातीची बातमी माझ्या हातून गेली होती. वार्ताहराने धरणातला साठा, अधिकाऱ्यांचे निवेदन आणि नागरिकांची नाराजी असे सगळे क्रमाने लिहून कपात कोणत्या वारी आहे, ते शेवटच्या ओळीत दिले होते. बाराच्या सुमारास एक जाहिरात आली, जागा कमी पडली आणि मी नेहमीच्या सवयीने बातमी खालून चार ओळी कापली. दुसऱ्या दिवशी लोकांना कपात असल्याचे कळले, पण ती कधी आहे, हे कळले नाही, आणि कार्यालयातला फोन दिवसभर वाजत राहिला. छापील कागदाच्या काळात खालून कापणारा मी एकटा होतो. आता प्रत्येक वाचक आपापल्या अंगठ्याने खालून कापतो आणि कुठे कापणार, ते सांगत नाही. म्हणून ज्याच्यावाचून काम अडेल किंवा नुकसान होईल, ते सगळ्यात वर लिहायचे आणि त्यानंतरची प्रत्येक गोष्ट अशा क्रमाने ठेवायची, की कापणाऱ्याने कुठेही कापले तरी वरचा भाग आपल्या पायावर उभा राहील.

तुमच्या लेखाची सुरुवात मी अशी करेन : ‘टाकी साफ करताना कोणीही एकट्याने आत उतरू नये. झाकण उघडून आधी हवा खेळू द्यावी आणि काम संपेपर्यंत वर एक माणूस उभा ठेवावा. आदल्या संध्याकाळी टाकीत पाणी आणणाऱ्या नळाची तोटी बंद केली की टाकीतले पाणी वापरून संपते आणि फुकट सोडावे लागत नाही.’ यापुढे गाळ काढणे, भिंती घासणे, निर्जंतुक करणे आणि धुऊन झाल्यावरचे पहिले पाणी सोडून देणे, हे सगळे तुम्ही फार स्वच्छ लिहिले आहे. त्यातले एक अक्षरही मी बदलणार नाही. हा लेख मग चारशे शब्दांत बसेल. तो चारशेच असावा म्हणून चारशे नव्हे. सचिवाला करायच्या गोष्टी तेवढ्या शब्दांत संपतात, म्हणून चारशे.

कात्रजच्या लेखाचे प्रकरण उलट आहे. तुम्ही तीनशे शब्दांचा जो कच्चा खर्डा केला आहे, तोही मी पाहिला. त्यात उरले आहे ते असे : नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणले, ते शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत पोहोचत असे आणि ही योजना म्हणजे तत्कालीन अभियांत्रिकीचा उत्तम नमुना होय. यातले पुण्याच्या वाचकाला नवे काय आहे? जे त्याला आधीपासून माहीत होते तेवढेच तुम्ही शिल्लक ठेवलेत आणि जे फक्त तुम्हाला माहीत होते ते कापलेत. घाईने आखूड केलेल्या लेखाचे बहुधा हेच होते. कापताना आपण तपशील काढतो आणि सर्वसाधारण विधाने ठेवतो, कारण ती महत्त्वाची दिसतात. माझे म्हणणे असे की, त्या वेळी कात्री उलट्या हातात धरावी. ‘उत्तम नमुना होय’ हे जावे आणि उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे ते दगडी मनोरे, राहावेत.

उच्छ्वासांवरचा तुमचा मजकूर सुमारे तीनशे शब्दांचा आहे, म्हणजे चिरंजीवांनी सगळ्या लेखाला दिलेली जागा एकटा तोच खातो. मी तो दोनदा वाचला. पाणी केवळ उताराने वाहते, त्यामुळे उतार कुठेही बिघडून चालत नाही. नळात हवा कोंडली की प्रवाह अडतो, म्हणून ती बाहेर सोडण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी हे दगडी मनोरे उभारले, आणि गाळ काढायला माणूस उतरायचा तर त्यालाही तीच वाट. हे समजल्यावर वाचक पुढच्या वेळी सातारा रस्त्याने जाताना खिडकीबाहेर पाहू लागेल. हा खुर्चीतला वाचक आहे आणि तो तुमच्याकडे स्वतःच्या इच्छेने आलेला आहे. त्याला बावीसशे शब्द जड होणार नाहीत, अट एवढीच की प्रत्येक पडद्यावर त्याच्या हाती काही नवे लागले पाहिजे.

आणि आता ती पाच मिनिटे. पेशवाईच्या इतिहासाचा सुरुवातीचा साडेतीनशे शब्दांचा भाग पुण्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे, तो दोन वाक्यांवर आणा. शेवटी प्रशासनाला उद्देशून लिहिलेला दीडशे शब्दांचा उपदेश प्रशासन वाचणार नाही आणि वाचकाला तो लागू नाही, तो पूर्णपणे काढा. मधे जिथे तलावाच्या बांधकामावरून नळाच्या रचनेकडे वळता, तिथे एक उपशीर्षक द्या, म्हणजे मधेच फोन आल्यामुळे उठलेल्या माणसाला परत आल्यावर आपली जागा सापडेल. लेख सतराशेच्या आसपास येईल. सोळाशे झाला किंवा अठराशे झाला तरी मला लिहून कळवू नका.

तो चार भागांत ‘क्रमशः’ द्यावा का, असेही तुम्ही पत्राच्या कडेला विचारले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये याच शहरातून निबंधमाला सुरू केली तेव्हा त्यांचा एखादा निबंध अनेक अंकांवर पसरत असे आणि वर्गणीदार पुढच्या महिन्याची वाट पाहत. त्या वाचकाच्या हाती अंक क्रमाने येत असत. व्हॉट्सअ‍ॅपवर तिसरा भाग आधी येतो, पहिला भाग आठवड्याने वेगळ्याच गटातून येतो, दुसरा येतच नाही, आणि दरम्यान कोणीतरी खालचे तुमचे नाव पुसून टाकलेले असते. म्हणून भाग पाडायचेच असतील तर प्रत्येक भाग एकटा वाचला तरी पुरा वाटेल असा करा आणि तुमचे नाव तळाला न ठेवता पहिल्या परिच्छेदातच ‘मी पाटबंधारे खात्यात असताना’ अशा रीतीने स्वतःला मजकुरात गुंतवून ठेवा. असे गुंतलेले नाव उपटणे अवघड जाते. माझे मत विचाराल तर मात्र हा लेख तोडू नका. संपूर्ण लेख एका जागी ठेवा आणि गटावर केवळ उच्छ्वासांचा परिच्छेद व खाली दुवा पाठवा.

अर्ध्या मिनिटात आलेल्या त्या तीन अंगठ्यांवरून तुम्ही फार खट्टू झालेले दिसता. तो अंगठा म्हणजे पोस्टाची पोचपावती समजा. पाकीट मिळाले, एवढेच ती सांगते. पाकीट उघडले की नाही, हे चार-पाच दिवसांनी कळते, जेव्हा कोणी जिन्यात थांबवून विचारतो की, तुम्ही म्हणता तो मनोरा नेमका कुठे उभा आहे. तुम्हाला असे कोणी विचारले असल्यास, आणि पत्रात तुम्ही एका शेजाऱ्यांनी विचारल्याचे ओझरते लिहिलेही आहे, तर त्यांनाच पुढचा खर्डा वाचायला द्या आणि ते कुठे थांबतात ते गुपचूप पाहा.

टाकीचा लेख आधी हातावेगळा करा, तो या आठवड्यात निघायला हवा. कात्रजच्या लेखाला सवडीने बसा. त्यातला आठवा परिच्छेद, ज्यात लहानपणी आजोबांनी तुम्हाला उच्छ्वासाच्या दगडाला कान लावायला सांगितले आणि आतून पाण्याचा आवाज आला, असे तुम्ही दीड ओळीत लिहून पुढे निघून गेला आहात, तो मात्र वाढवा. दगड गार होता का, आवाज कसा होता, आजोबा काय म्हणाले, हे सगळे मला वाचायचे आहे.